न उतरणारा रंग बनवणारा पोरगा : विल्यम पर्किन

माझी ब्रँच कॉम्प्युटर, त्यामुळे केमिस्ट्रीशी संबंध पहिल्या वर्षातच संपला. पण हॉस्टेलवरचा माझा रूममेट केमिकलचा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्याने एकदा गच्चीवर उन्हात दोन बीकर ठेवले. दोन्हींत मेथिलीन ब्लूचं निळंशार पाणी, पण एकातच चिमूटभर पांढरी पूड टाकलेली. ती पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोपार्टिकल. संध्याकाळी पाहिलं तर पूड टाकलेल्या बीकरमधला निळा रंग गायब, पाणी नुसतं दुधट. शेजारचा बीकर मात्र अजून चांगलाच निळा होता.

मी इचलकरंजीचा. कापड रंगवणारी प्रोसेस हाऊस, कधी लालसर तर कधी निळा वाहणारा ओढा आणि पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या, यातच मोठा झालो. त्यामुळे तो दुधट बीकर बघून मला वाटलं, सुटला की प्रश्न! पण नंतर दुसऱ्याच बीकरने डोकं खाल्लं. दिवसभर कडक ऊन खाऊनही तो रंग टिकतो कसा? याचं उत्तर शोधताना मी लंडनमधल्या एका अठरा वर्षांच्या पोराच्या गोष्टीपर्यंत पोहोचलो. आजचा लेख मुख्यतः त्याच्यावर आहे.

विल्यम हेन्री पर्किनचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी पूर्व लंडनच्या शॅडवेल भागात झाला. वडील सुतारकाम आणि बांधकामाचा धंदा करायचे, सात भावंडांत हा शेंडेफळ. शाळेत एका शिक्षकामुळे रसायनशास्त्राची गोडी लागली आणि पंधराव्या वर्षी, १८५३ मध्ये, तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये दाखल झाला. तिथे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन त्याचे सर होते. दगडी कोळशापासून गॅस बनवताना उरणाऱ्या डांबरात काय काय दडलंय, हा हॉफमन सरांचा आवडता विषय. या टाकाऊ डांबरापासून क्विनीन बनवता येईल का, असा विचार त्यांच्या डोक्यात होता. क्विनीन म्हणजे त्या काळचं मलेरियावरचं औषध. ते दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून यायचं, महाग होतं, आणि भारतासारख्या वसाहती सांभाळायला इंग्रजांना ते हवंच होतं.

१८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत पर्किनने घरच्या घरी हा प्रयोग करायचं ठरवलं. केबल स्ट्रीटवरच्या घरात वरच्या मजल्यावर त्याची छोटीशी प्रयोगशाळा होती. त्याचा हिशोब बघा. क्विनीनच्या रेणूत २० कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन. डांबरापासून मिळणाऱ्या ॲलिलटोल्युइडीनमध्ये १० कार्बन, १३ हायड्रोजन, १ नायट्रोजन. याचे दोन रेणू घ्या, तीन ऑक्सिजन द्या, एक पाण्याचा रेणू काढून टाका, झालं क्विनीन! कागदावर अणूंची बेरीज तंतोतंत जुळते. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले हे चांगलं ओळखतो: दोन फाइल्सची साइज सारखी असली म्हणजे आतला मजकूर सारखा असतो असं नाही. अणू एकमेकांना कसे जोडलेले असतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. क्विनीन झालं नाही, हाती लागला तांबूस-तपकिरी गाळ.

दुसरा कुणी असता तर त्याने तो ओतून दिला असता. पर्किनने मात्र तीच क्रिया ॲनिलीन या साध्या पदार्थावर करून बघितली. या वेळी काळाकुट्ट गाळ मिळाला. तो वाळवून अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर सुंदर जांभळा रंग उतरला. यात नशिबाचाही भाग आहे. त्याचं ॲनिलीन शुद्ध नव्हतं, त्यात टोल्युइडीन मिसळलेलं होतं. अगदी शुद्ध ॲनिलीन असतं तर तो रंग बनलाच नसता.

मला पर्किन आवडतो तो याच्या पुढच्या पायरीसाठी. त्याने त्यात रेशमी कापड बुडवलं आणि मग ते साबणाने धुऊन आणि उजेडात ठेवून बघितलं. त्या काळी जांभळा रंग दगडफुलासारख्या वनस्पतींपासून काढत, आणि तो उन्हात पटकन विटायचा. याचा टिकला. त्याने नमुना स्कॉटलंडमध्ये पर्थच्या पुलर या रंगारी कारखानदाराकडे पाठवला. माल फार महाग पडणार नसेल तर हा मोठा शोध आहे, अशा अर्थाचं उत्तर जूनमध्ये आलं. कारखानदाराची गरज सरळ होती: धुतल्याने आणि उन्हाने न उतरणारा रंग. यशाचं माप तिथेच ठरलं, आणि पुढची बरीच रंगरसायनं त्याच मापाने निवडली गेली. गच्चीवरचा दुसरा बीकर निळा का राहिला, याचं उत्तर इथे आहे.

२६ ऑगस्ट १८५६ ला त्याने पेटंट घेतलं आणि हॉफमन सरांचा विरोध असतानाही कॉलेज सोडलं. वडिलांनी आयुष्यभराची जवळजवळ सगळी पुंजी मुलाच्या एका बाटलीभर रंगावर लावली. भाऊ थॉमसही सोबत आला. वय अठरा, कारखाना चालवायचा अनुभव शून्य. आजच्या भाषेत फॅमिली-फंडेड स्टार्टअप!

१८५७ मध्ये लंडनच्या पश्चिमेला ग्रीनफर्ड इथे, ग्रँड जंक्शन कालव्याच्या काठी कारखाना उभा राहू लागला. अडचणी पायरीपायरीवर होत्या. ॲनिलीन बाजारात पोत्याने मिळत नव्हतं, म्हणून डांबरातलं बेंझीन, त्यापासून नायट्रोबेंझीन, मग ॲनिलीन, असं सगळं स्वतःच करावं लागलं. पुरेसं तीव्र नायट्रिक ॲसिडही मिळेना, तर चिलीचा सोरा आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरून भागवलं. यात स्फोटाचा धोका कायमचा. रेशमावर रंग छान बसायचा, सुती कापडावर बसेना. त्यासाठी टॅनिन वापरून रंग धरून ठेवायची पद्धत बसवावी लागली. आपल्याकडे रंगारी हिरडा वापरतात, त्यातलंच हे टॅनिन. त्यात फ्रान्सचं पेटंट हातचं गेलं आणि तिथले लोक बिनधास्त तोच रंग बनवू लागले. पण झालं असं की फॅशनच जांभळ्याची आली. राणी व्हिक्टोरियाने १८५८ मध्ये मुलीच्या लग्नात हा रंग घातला आणि लंडन मोव्हमय झालं. मोव्ह हे त्याचं बाजारातलं नाव.

त्या काळ्या गाळातला थोडासाच भाग रंग म्हणून निघायचा, बाकी सगळा टाकाऊ. कारखान्यात ज्या रंगाचं काम चालू असेल त्या रंगाचं पाणी कालव्यात दिसायचं, अशी ग्रीनफर्डची आठवण सांगतात. हे वाचलं तेव्हा मी हसलो आणि मग हसू थांबलं. आमच्या ओढ्याची गोष्ट इतकी जुनी आहे हे माहीत नव्हतं.

दुसरा मोठा डाव अलिझरीनचा. आपल्या मंजिष्ठेच्या जातभाईच्या मुळ्यांतून मिळणारा हा लाल रंग. डांबरातल्या घटकापासून तो स्वस्तात बनवायची पद्धत पर्किनने शोधली आणि २६ जून १८६९ ला पेटंट घेतलं. जर्मनीच्या कारो, ग्रेब आणि लीबरमान यांचं पेटंट होतं २५ जूनचं. एका दिवसाचा फरक! शेवटी दोघांनी बाजार वाटून घेतला. पर्किनचं उत्पादन १८६९ मध्ये १ टन होतं, ते १८७१ मध्ये २२० टनांवर गेलं. मुळ्यांची शेती करणारे मात्र काही वर्षांतच संपले. यातल्याच कारोने १८७६ मध्ये मेथिलीन ब्लू बनवला, म्हणजे आमच्या गच्चीवरचा रंग. १८९१ मध्ये तोच रंग मलेरियाच्या रुग्णांवर वापरून पाहिला गेला. पर्किन औषध शोधताना रंगापाशी पोहोचला होता, इथे रंग औषधापाशी परतला.

१८७४ च्या सुमारास, जेमतेम छत्तिशीत, पर्किनने कारखाना विकला आणि उरलेलं आयुष्य संशोधनाला दिलं. चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळे पदार्थ प्रकाशाची दिशा कशी फिरवतात हे तो वर्षानुवर्षं मोजत बसला. १९०६ मध्ये शोधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्याला ‘सर’ किताब मिळाला. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९०७ ला तो गेला. मोव्हच्या रेणूंची नेमकी रचना कळायला १९९४ उजाडलं.

आता परत बीकरकडे. टायटॅनियम डायऑक्साइड हा सेमीकंडक्टर आहे. त्यातले इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावर बसलेले असतात आणि वरच्या मजल्यावर जायला त्यांना साधारण ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ती अतिनील किरणांतून मिळते. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली रिकामी जागा राहते. ती जागा पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करते, आणि वरचा इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. हे रॅडिकल इतके आक्रमक असतात की साबणाला आणि उन्हाला पुरून उरलेला रेणूही ते तोडतात. पण घाई असते. इलेक्ट्रॉन वेळेत पृष्ठभागावर पोहोचला नाही तर तो परत रिकाम्या जागेत पडतो आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून कण नॅनो हवेत. वीस-पंचवीस नॅनोमीटरच्या कणांच्या एक ग्रॅम पुडीचं पृष्ठफळ सुमारे ५० चौरस मीटर भरतं, एखाद्या छोट्या फ्लॅटएवढं.

मात्र रंग जाणं आणि पाणी स्वच्छ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेणूचा रंग देणारा भाग आधी तुटतो, बाकीचे तुकडे तसेच राहू शकतात. आज कापडाला वापरल्या जाणाऱ्या रंगांत ॲझो रंगांचा वाटा मोठा आहे. ते अर्धवट, विशेषतः ऑक्सिजनशिवाय, तुटले तर ॲरोमॅटिक अमाइन मिळतात. हे पर्किनच्या ॲनिलीनचंच खानदान, आणि त्यातले काही कॅन्सरकारक. शिवाय सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के, आणि रंगवताना घातलेलं भरमसाट मीठ रॅडिकल खाऊन टाकतं.

रूममेटच्या गाइडनी तो दुधट बीकर बघून पहिला प्रश्न विचारला, सीओडी किती उतरला? मोजल्यावर कळलं, रंगाच्या मानाने बराच कमी. मग मी सुट्टीहून येताना त्याच्यासाठी ओढ्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. गडद लाल. गाळून, पूड टाकून तीन दिवस उन्हात ठेवलं तरी ते लालच, कारण उजेड वरच्या थरातच अडकत होता. दहापट पातळ केल्यावर रंग उतरू लागला. पण तोपर्यंत वेगळीच कटकट सुरू झाली होती. पांढरी पूड इतकी बारीक की ती खाली बसेना आणि साध्या फिल्टर पेपरमधूनही आरपार जाई. तो कॅनचा उरलेला अर्धा भाग बरेच दिवस आमच्या कॉटखाली होता, कुठे ओतायचा ते कळत नव्हतं म्हणून.