डोंगरवाटेवरचे तुकोबाराय

श्रीतुकोबारायांचे चरित्र कीर्तनातून ऐकले नाही असा वारकरी मिळणे कठीण. खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, वह्या पाण्यावर तरल्या, हे प्रसंग लहान पोरालाही पाठ असतात. पण देहूहून भंडाऱ्याच्या डोंगराकडे जाणारी महाराजांची रोजची पायवाट आम्ही कीर्तनकार मंडळी एका वाक्यात उरकतो आणि पुढे जातो. आमच्या मते महाराजांची वाणी पिकली ती याच वाटेवर. तेव्हा वाचकहो, आज त्या वाटेचाच थोडा विचार करू.

रूढ गणनेप्रमाणे महाराजांचा जन्म शके १५३० चा, म्हणजे इ. स. १६०८ चा. वडील बोल्होबा, माता कनकाई. घरी महाजनकी, दुकान, शेतीवाडी. आणि पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ व पंढरीची वारी. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थाटनास गेले आणि प्रपंचाचे ओझे कोवळ्या खांद्यावर आले. मायबाप गेले. पाठोपाठ इ. स. १६३०-३१ चा महादुष्काळ पडला. गुरे मेली, व्यापार बसला, थोरल्या पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, पुत्र संतूही गेला. एवढे झाल्यावर माणूस एक तर मोडतो, नाही तर मुळाशी जातो. महाराज मुळाशी गेले.

ते प्रथम भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. तेथे पंधरा दिवस त्यांनी निर्वाण मांडले, असे परंपरा सांगते. धाकटे बंधू कान्होबा शोधीत शोधीत वर पोहोचले. दोघे भाऊ खाली इंद्रायणीकाठी आले. लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते होती, त्यांची वाटणी केली. कान्होबांचा भाग त्यांना दिला आणि आपला भाग महाराजांनी डोहात सोडला. ध्यानात घ्या, भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. वैराग्य आपले, त्याची किंमतही आपणच द्यायची.

देहूच्या परिसरात महाराजांच्या एकांताचे तीन डोंगर सांगतात : भामचंद्र, भंडारा आणि घोरवडेश्वर. तिन्ही ठिकाणी प्राचीन काळी कोरलेल्या गुंफा आहेत. म्हणजे महाराजांच्या आधीही शेकडो वर्षे तेथे साधक बसून गेले. तिघांत भंडारा रोजच्या जाण्यायेण्याचा. सकाळी देवपूजा आटोपावी, इंद्रायणी ओलांडावी, रानातून चालत डोंगर चढावा, असा क्रम. वर जाऊन काय करीत? काव्य रचीत बसत? छे! आधी पाठांतर. नामदेवरायांचे अभंग, ज्ञानेश्वरी, नाथांचे भागवत. वाचायचे, घोकायचे, मनाशी बोलायचे. संतांची वाणी मुरली, मग स्वप्नात नामदेवरायांनी पांडुरंगासह येऊन कवित्वाची आज्ञा केली. भांडे आधी घासून ठेवलेले होते, मग त्यात दूध पडले.

येथे कोणी शंका घेईल की, देव सर्वत्र आहे, मग डोंगर कशाला? गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी एकांतस्थानाची आवड गणली आहे, आणि तेथे माउलींनी तीर्थांचे तट, तपोवने, डोंगरातील गुहा, जलाशयांचे काठ यांची नावे घेतली आहेत. महाराजांनी हे नुसते पाठ केले नाही, पायांनी आचरले. डोंगरावर देव जास्त असतो असे नाही. गलबला कमी असतो, इतकेच.

आणि चालण्याचे म्हणाल तर दिंडीत चाललेल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. पाय एका लयीत पडू लागले की अभंग आपसूक तोंडी येतो. महाराजांचे दृष्टांत पाहा ना : पेरणी, खळे, मुंगी, बैल, पुरात वाहून जाणारी झाडे आणि तगून राहणारी लव्हाळी. हे नदीकाठाने पायी फिरणाऱ्याचे दृष्टांत आहेत. झाडेवेली व रानातले जीव यांना नातेवाईक मानणारा अभंग तर सर्वांना ठाऊकच आहे. वाटेत आपल्याला पाहून पाखरे उडाली, तेव्हा आपल्यात अजून भेद उरला म्हणून महाराज खिन्न झाले आणि पाखरे अंगावर येऊन बसेपर्यंत निश्चल उभे राहिले, अशीही कथा सांगतात. निसर्गशोभा पाहणे निराळे आणि पाखराचे भय आपल्या अंगी शोधणे निराळे.

आता त्याच वाटेवरचे दुसरे पाऊल. जिजाई, म्हणजे आपल्या आवलीबाई, घरची कामे आवरून भाकरी घेऊन तोच डोंगर भर उन्हात चढत. त्यांच्या पायात काटा मोडला आणि तो विठ्ठलाने काढला, ही आख्यायिका आहे. काही बुवा या माउलीला कजाग रंगवून सभेत हशा पिकवतात, ते आम्हांला मुळीच रुचत नाही. लेकरे घरी, दाणे सरलेले, तरी नवऱ्याच्या मुखात घास पडल्यावाचून ती जेवली नाही. महाराजांच्या एकांताला तिच्या चालण्याचा आधार होता. गाथेत तिचाही घाम आहे, बरं का!

महाराज वर राहिले नाहीत, हेही महत्त्वाचे. डोंगरावरचे संध्याकाळी गावात येई आणि रात्री देवळात कीर्तनातून वाटले जाई. पुढे वह्या बुडविण्याची वेळ आली, महाराज तेरा दिवस निराहार बसले, तेव्हाही ती वाणी कागदापुरती उरली नव्हती. ती लोकांच्या कंठी गेली होती.

आता भंडाऱ्यावर गाडीरस्ता झाला आहे, खाली चाकण-तळेगावच्या पट्ट्यात कारखाने उभे आहेत. माघ शुद्ध दशमीला वर मोठा मेळा भरतो. वृद्धांनी व अधू माणसांनी खुशाल गाडीने जावे. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी, विशेषतः ज्यांना उद्या नारदाच्या गादीवर उभे राहायचे आहे त्या तरुणांनी, एकदा तरी देहूहून पायी निघावे. वर जाऊन घटकाभर मुकाट बसावे. एखादा पाठ असलेला अभंग मनात घोळवावा. आणि दिवस मावळण्याआधी खाली घरी यावे. तेथे कोणी भाकरी करून वाट पाहत असेल.