मायकेल फॅराडे आणि वाया गेलेली कांच

भाईंदरजवळच्या उत्तन गांवच्या कोळीबांधवांचीं मुलें आमच्या वर्गांत बसतात. दीपगृहाचा प्रकाश समुद्रावर दूरवर जातो, हें त्यांना शिकवावें लागत नाहीं. तो ज्या वाटेनें जातो त्याच वाटेनें परतूंहि शकतो. म्हणूनच आरशांत आपणांस जो दिसतो, त्यास आपणहि दिसतों. या नियमासहि अपवाद घडवितां येतो, आणि त्याचें बीज एका लोहाराच्या मुलानें पेरलें. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मायकेल फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळील न्यूइंग्टन येथें झाला. घरांत अठराविश्वें दारिद्र्य. लिहिणें, वाचणें व जुजबी हिशेब एवढीच विद्या पदरांत पडली, आणि चौदाव्या वर्षीं हा मुलगा एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचें काम शिकूं लागला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचून काढी. १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यानें सर हंफ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकलीं. त्यांचीं टिपणें सुवाच्य लिहून, स्वहस्तें बांधून डेव्हींकडे धाडलीं. १८१३ च्या मार्चांत तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मदतनीस झाला.

१८३१ सालीं फॅराडे यांनीं चुंबकापासून वीज निर्माण केली, हें सर्वश्रुत आहे. त्यापूर्वींची एक कहाणी मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. दुर्बिणींसाठीं निर्दोष कांच करण्याचें काम त्यांजकडे आलें होतें. कित्येक वर्षें भट्टीपुढें घालवून शिसें असलेली एक जड कांच तयार झाली. परंतु दुर्बिणींस तिचा उपयोग झाला नाहीं. श्रम वाया गेले असेंच कोणीहि म्हटलें असतें.

ईश्वरानें निर्मिलेल्या सृष्टींतील सर्व शक्ति मुळांत एकमेकींशीं निगडित असल्या पाहिजेत, अशी त्यांची श्रद्धा होती. वीज वा चुंबक यांचा प्रकाशावर परिणाम होतो काय, हें ते १८२२ पासून अधूनमधून तपाशीत. पण हातीं कांहींच लागेना. १८४५ च्या सप्टेंबरांत प्रबळ विद्युच्चुंबकापाशीं त्यांनीं एकामागून एक पदार्थ ठेविले, सर्व निष्फळ. शेवटीं १३ सप्टेंबर रोजीं तीच जुनी जड कांच ठेविली. एकाच प्रतलांत कंप पावणारा प्रकाश तिच्यांतून जातांच तें प्रतल किंचित् वळलें. प्रकाशानें चुंबकाची आज्ञा मानली!

याचें मर्म असें : साखरेच्या पाण्यांतूनहि असें प्रतल वळतें, परंतु प्रकाश उलट फिरला कीं तें पूर्ववत् होतें. चुंबकानें दिलेलें वळण परतींत पुसलें जात नाहीं. उलट दुप्पट होतें. जातांना ४५ अंश व येतांना ४५ अंश मिळून ९० अंश झाले कीं परतणारा प्रकाश गाळणींत अडतो. लेझर यंत्रांस परावर्तित किरणांपासून वांचविणारें एकमार्गी द्वार याच तत्त्वावर चालतें.

हें बीज आतां आणखी फोफावलें आहे. उत्तनला लाट पाण्याच्या पृष्ठावरून धावते, तशी धातूच्या पृष्ठास बिलगून प्रकाशलहर धावूं शकते. जवळ चुंबकित पदार्थ असल्यास उजवीकडे व डावीकडे जाणाऱ्या लहरींची गति सारखी राहत नाहीं. विशिष्ट रचनेंत एक दिशा अजिबात बंदहि करितां येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं जर्मन व रशियन सहकाऱ्यांसह २०११ सालीं अशीच एक रचना प्रसिद्ध केली. तींत चुंबकीय गार्नेटवर बारीक चिरा पाडलेला सोन्याचा पातळ थर असून, चुंबकाची दिशा उलटतांच आरपार जाणाऱ्या प्रकाशाचें प्रमाण बदलतें.

फॅराडे यांनीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद नाकारलें. मुलांसाठीं नाताळांतील व्याख्यानें मात्र आनंदानें दिलीं. १८३६ पासून ते इंग्लंडच्या दीपगृहांचे शास्त्रीय सल्लागार होते. उतारवयांत स्मृति त्यांस दगा देऊं लागली, तरी १८६२ सालीं त्यांनीं ज्योतीच्या प्रकाशावर चुंबकाचा आणखी एक प्रयोग केला. तो फसला, १८९६ सालीं झीमान यांनीं तो सिद्धीस नेला. फॅराडे २५ ऑगस्ट १८६७ रोजीं निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेंत वा प्रयोगांत अपयश आलें म्हणून आपली वही फाडूं नका. फॅराडे यांनीं ती निरुपयोगी कांच जपून ठेविली होती, हें ध्यानांत असूं द्या.