इवल्या फुलांचा वेडा

निवृत्तीनंतर गॅलरीत बटण गुलाब लावताना मला रेजिनाल्ड फॅरर हटकून आठवतो. १८८० साली जन्मलेला हा इंग्रज. जन्मतःच टाळू दुभंगलेली. बोललेलं लोकांना कळेना, म्हणून शिक्षण घरीच. यॉर्कशायरच्या डोंगरांत एकटाच हिंडे, खडकांच्या फटींतली बोटभर फुलझाडं न्याहाळी. चौदाव्या वर्षी त्यानं पडक्या दगडखाणीत त्यांचीच बाग केली. जीभ अडे, लेखणी मात्र सुसाट! त्याच्या पुस्तकांनी कितीतरी इंग्रजांना हा नाद लावला. १९१४-१५ साली चीनच्या कान्सू भागात त्याला आकाशी जेन्शियन गवसलं. त्याला पुढं फॅररचंच नाव मिळालं. ऑक्टोबर १९२०मध्ये, रोपं शोधतानाच, उत्तर ब्रह्मदेशच्या डोंगरांत तो आजारी पडून गेला. वय चाळीस. जवळ एकही देशबांधव नव्हता. होते ते फक्त नोकर.