काचेचा रंगारी : फ्रीड्रिख एगरमन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने काचेच्या कारागिराचे चरित्र का लिहावे, असे वाचकांना वाटेल. कारण घरगुती आहे. आमच्या आजीच्या कपाटात एक लाल पेला आहे. त्यावर पळते हरीण आणि झाडे कोरलेली आहेत. तिच्या वडिलांनी तो कुठल्याशा लिलावात घेतला होता. गेल्या जूनमध्ये माझ्या फीची अडचण आली, तेव्हा तो विकायचे ठरले. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने पेला पालथा करून पाहिला आणि सांगितले की, हा बोहेमियातील एगरमनचा ठरला तर चांगली किंमत येईल, नाहीतर काचेचा भाव. तळाशी ना सही होती, ना शिक्का. मग हा एगरमन कोण, हे शोधायला मी ग्रंथालयात बसू लागलो.

एगरमनचा जन्म ५ मार्च १७७७ रोजी उत्तर बोहेमियातील श्लुक्नोव्ह येथे झाला. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. त्या काळी तेथे व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता होती. जंगलातले लाकूड भट्टीला आणि त्याची राख काचेला, म्हणून त्या डोंगराळ मुलखात काचेचा धंदा वाढला. एगरमन लहानपणीच काचेच्या कारखान्यात उमेदवारीला लागला आणि पुढे काचेवर चित्रे रंगवू लागला. जर्मनीतील मायसेनच्या कारखान्यात चिनी मातीवरील रंगांची कृती गुप्त ठेवत. मुक्या-बहिऱ्याचे सोंग घेऊन तो तेथे राहिला आणि सारे डोळ्यांनी टिपून परतला, अशी त्याची आख्यायिका सांगतात.

पुढे नोव्ही बोर या गावी त्याने आपला कारखाना चालवला. भट्टीवाल्यांकडून कोरी काच घ्यायची आणि तिला रंग-नक्षी करून विकायची, असा तेथील धंदा होता. १८२० च्या सुमारास त्याने पिवळा रंग साधला. चांदीचा क्षार मातीत कालवून काचेवर लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा आणि लेप पुसून काढायचा. खाली सोनेरी छटा काचेतच मुरलेली दिसे. १८२९ साली त्याने ‘लिथ्यालिन’ या काचेचा हक्क नोंदवला. ही काच अकीक किंवा संगमरवरासारखी दिसे.

त्याचे सर्वांत मोठे काम मात्र लाल रंगाचे. पूर्वी माणकासारखी लाल काच करायला सोने लागे. एगरमनने १८३२ च्या सुमारास तेच काम तांब्यावर भागवले. लेप पुन्हा पुन्हा भाजावा लागे, धूर नेमका द्यावा लागे. पण उत्पादनखर्च एकदम उतरला आणि लाल पेला मध्यमवर्गाच्या घरात पोचला.

पण ही कृती त्याच्या एकट्याची राहिली नाही. काही वर्षांतच आसपासचे कारखाने तसाच लाल माल काढू लागले. तीच हरणे, तीच झाडे, आणि बहुतेक मालावर कोणाचेच नाव नाही. १ जानेवारी १८६४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, नोव्ही बोर येथेच एगरमनचे निधन झाले.

आजीचा पेला मी भिंगाखाली पाहिला. लाल रंग अगदी पातळ आहे; कोरलेल्या रेषेत लगेच पांढरी काच दिसते. लाल काचेचा वेगळा थर चढवलेला असता, तर कापलेल्या कडेला त्याची जाडी दिसली असती. म्हणजे रीत एगरमनची हे नक्की. हात कोणाचा, हे मात्र पेला सांगत नाही.

व्यापारचिन्हाचा कायदा मी वर्गात केवळ परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मला या पेल्याने शिकवला. रीत गावभर पसरली म्हणून शेकडो घरांच्या चुली पेटल्या, हे खरे. पण ज्याने ती रीत शोधली, त्याचा माल आज ओळखू येत नाही. अभ्यासकही त्याच्या नावापुढे ‘बहुधा’ हा शब्द जोडतात.

व्यापाऱ्याकडे मी पुन्हा गेलो नाही. एगरमनचाच म्हणून पेला विकणे खोटेपणाचे झाले असते आणि काचेच्या भावाने द्यायला आजी तयार नव्हती. संध्याकाळी एका दुकानाची खतावणी लिहून मी फी हप्त्याने भरली. पेला कपाटात परत गेला आहे.