सेनापती बापट आणि जुल्माची व्याख्या

मुळशीच्या जलाशयाचे सौंदर्य आपण पाहतो. त्याच्या तळाशी मावळ्यांची घरे व भातखाचरे आहेत, हे सहसा आठवत नाही. ज्यांनी त्यांची बाजू घेतली त्या पांडुरंग महादेव बापट यांचे चरित्र आपण जाणून घेतले पाहिजे.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकी शिकण्यास एडिंबरोला गेले. पुढे क्रांतिकारकांत सामील होऊन त्यांनी बॉम्बची विद्या शिकली व भूमिगत जीवन भोगले.

टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील जमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या जाऊ लागल्या. वीज मुंबईला मिळणार होती, भाकरी मावळ्यांची जाणार होती. 1921 मध्ये सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासह बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि लोकांनी त्यांना ‘सेनापती’ म्हटले. अखेरीस त्यांनी रुळांवर दगड रचून रेल्वे अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र पूर्ण झाले.

आता विचार करा. 1860 च्या दंडसंहितेत गुन्हेगारी बळ म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसावर केलेला बळाचा प्रयोग. त्या मोजपट्टीत रुळावरचा दगड गुन्हा ठरला. घरात चढणारे पाणी मात्र कुणावरही हात उगारत नव्हते, म्हणून ते हिंसा ठरले नाही. रेल्वे अडवण्यात निरपराधांना धोका होता, हे आपण नाकारू नये. परंतु एकच पारडे तोलणाऱ्या तराजूला न्याय म्हणत नाहीत.

इस्लामने जुल्माचा अर्थ व्यापक ठेवला आहे: ज्याचे जे स्थान, ते त्याला न देणे म्हणजे जुल्म. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्यालाही प्रेषितांनी (स.) आखिरतच्या कठोर शिक्षेची ताकीद दिली आहे. तेथे मारहाण झाली की नाही, हा प्रश्न उरत नाही.

28 नोव्हेंबर 1967 रोजी बापट निवर्तले. त्यांचे स्मरण करताना आपल्या घरातही डोकवा. वारसाहक्कातील बहिणीचा वाटा आवाज न चढवता, गोड बोलून सोडवून घेतला जातो. पोलीस ठाण्यात त्याची नोंद होत नाही. अल्लाहकडे मात्र होते. तो वाटा आजच तिच्या हाती द्या.