शेरशाहचा रुपया : एका नाण्यावर दोन लिप्या

वलगावात घरी लग्न निघालं की जुनी पेटी उघडते. दादीच्या काळातली चांदीच्या रुपयांची माळ बाहेर येते आणि वजनावर सोनाराकडे मोडीत जाते. आम्ही शाळेत शिकवतो, उर्दू-मराठी दोन्ही वाचतो, म्हणून कधी कधी असं नाणं आमच्याकडे येतं. बहुतेकदा ते राणी व्हिक्टोरियाचं निघतं, एखादं मोगलांचं. पण रुपया हे नाव आणि हे वजन ज्याने पक्कं केलं, त्या शेरशाह सूरीची हकिकत घरात कुणाला विचारली तर रस्ता बांधणारा बादशाह, एवढंच उत्तर मिळतं.

त्याचं खरं नाव फरीद. वडील हसन खान बिहारात सासारामचे जहागीरदार. सावत्र आईच्या कटकटीमुळे पोरगा घर सोडून जौनपूरला गेला आणि तिथे अरबी-फारसी शिकला. परत आल्यावर वडिलांची जहागीर सांभाळताना त्याने जमीन मोजायला लावली, शेतकऱ्याला किती सारा द्यायचा ते लिहून दिलं. पट्टा आणि कबुलियत हे शब्द आपल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला नवे नाहीत. वाघ मारला म्हणून शेर खान हा किताब मिळाला, असं सांगतात. 1539 ला चौसा इथे आणि 1540 ला कनौजजवळ त्याने हुमायूनला हरवलं आणि तो दिल्लीचा बादशाह झाला.

त्या काळी बादशाही दोन गोष्टींनी ठरे, जुम्याच्या खुतब्यात नाव आणि सिक्क्यावर नाव. पण सिक्क्यांची हालत खराब होती. चांदीत तांबं मिसळलेले टंके चालत, कशात किती चांदी ते सराफालाच ठाऊक. नुकसान कुणाचं? अर्थात गरिबाचं. शेरशाहने ही मिसळ बंद केली. चांदीचा रुपया वेगळा, तांब्याचा पैसा वेगळा. रुपया 178 ग्रेनचा, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. पुढे अकबराने जवळपास हेच वजन ठेवलं, आणि इंग्रजांनी 1835 साली 180 ग्रेनचा रुपया काढला. फरक दोन ग्रेनचा!

आता नाणं हातात घ्या. एका बाजूला कलमा, त्याच्याभोवती हजरत अबूबक्र, उमर, उस्मान, अली (रजि.) यांची नावं. दुसऱ्या बाजूला बादशाहचं नाव आणि हिजरी साल. आणि त्याच नाण्यावर नागरीत श्री सेर साहि. वर्गात याचा फोटो दाखवला की मुलं आधी नागरी ओळखतात, मग उर्दूवाली मुलं बाकीचं लावतात. 950 साल दिसलं तर ते इसवी 1543-44.

राज्य जेमतेम पाच वर्षांचं. त्यात सोनारगावपासून सिंधूपर्यंत रस्ता, आग्र्याहून दख्खनच्या वेशीवर बुऱ्हाणपूरपर्यंत दुसरा. वाटेवर सराया, त्यांत हिंदू-मुसलमान दोघांची वेगवेगळी सोय. 22 मे 1545 ला कालिंजरच्या वेढ्यात दारूचा स्फोट होऊन तो भाजला आणि त्यातच वारला. सासारामला तलावाच्या मधोमध त्याची कबर आहे.

वऱ्हाड त्याच्या राज्यात कधीच नव्हतं, इथे इमादशाही होती. 1596 ला अकबराने वऱ्हाड घेतलं, तेव्हा त्याच्या वजनाचा रुपया इकडे आला. वलगावावरून परतवाड्याची एसटी जाते त्याच वाटेवरच्या एलिचपुरात, म्हणजे अचलपुरात, पुढे मोगलांची टाकसाळ चालली. जर्ब या शब्दाशेजारी एलिचपूर असं लिहिलेली नाणी इथलीच.

शेतात हंडा सापडला तर गोष्ट वेगळी. 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पेटीतली माळ मात्र घरचीच आहे. तराजूत टाकण्याआधी एकदा नाणं वाचून घ्या, स्वतःला येत नसेल तर आमच्याकडे आणा. चिंचेने घासू नका, अक्षरं जातात.