यंत्रमागाला शत्रू न मानता हातमागाचं कापड घराघरात पोचवणाऱ्या डेन्मार्कच्या लिस आल्मान

डॅनिश फर्निचर म्हटलं की साध्या, सुटसुटीत लाकडी खुर्च्या आणि सोफे डोळ्यांसमोर येतात. ते कुणी घडवले हे अनेकांना माहीत असतं. पण त्यांच्यावरचं कापड कुणाचं? त्यातलं एक मोठं नाव म्हणजे लिस आल्मान.

१८९४ साली ऑर्हूस शहरात लिस यांचा जन्म झाला. आधी त्या चित्रकला शिकल्या, मग मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवू लागल्या. मागाकडे त्या वळल्या त्यानंतर, गेर्डा हेनिंग या नावाजलेल्या विणकर बाईंच्या हाताखाली. १९३० च्या दशकात त्यांनी कोपनहेगनमध्ये स्वतःचे माग लावले.

डेन्मार्कच्या खेड्यांत पूर्वी शेतकऱ्यांच्या घरातच लोकरीचं आणि अळशीच्या धाग्याचं कापड विणलं जाई. नक्षी साधीच, पट्टे आणि चौकडी. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि घरचे माग अडगळीत गेले. लिस यांनी नेमके तेच पट्टे, तीच चौकडी उचलली. वास्तुविशारद कोरे क्लिंट यांच्या फर्निचरवर हे कापड शोभून दिसलं.

पण एक अडचण होतीच. हाताने विणायला वेळ लागतो, म्हणून किंमत वाढते. मग सामान्य माणसाने ते घ्यायचं कसं?

१९५० च्या दशकात, साठीच्या आसपास, लिस यांनी क्लिंट यांचे शिष्य बॉर्गे मोगेन्सेन यांच्यासोबत एका कापड कंपनीसाठी काम सुरू केलं. कापड निघणार होतं यंत्रमागावर, पण त्याचा विचार व्हायचा हातमागावर.

याचं कारण साधं आहे. लाल ताण्यातून निळा बाणा गेला की लांबून जांभळी झाक दिसते. ती नेमकी कशी दिसेल हे कागदावर कळत नाही, विणूनच बघावं लागतं. हातमागावर दोन बोटं कापड विणायचं, पटलं नाही तर धागा बदलायचा. यंत्रावर हे महागात पडतं.

यातून हाताने विणणाऱ्यांचा जुना रोजगार परत आला नाही, हेही खरं. पण खेड्यातली चौकडी संग्रहालयाच्या काचेआड अडकली नाही. ती सोफ्यावर आली, रोजच्या वापरात राहिली.

१९७९ साली लिस गेल्या. हातमाग टिकवायचा म्हणजे फक्त लाकडी सांगाडा जपायचा नसतो, त्यावर सुचलेलं कापड लोकांच्या घरात राहिलं पाहिजे, हे त्यांनी कामातून दाखवून दिलं.